पांढऱ्यावरची करडी रेघ : सिरॅमिक आणि धातू एकमेकांवर घासतात तेव्हा काय बघायचं, कसं मोजायचं

चिनीमातीच्या बशीतले पोहे संपले की ती बशी उजेडात तिरकी धरून बघा. स्टीलच्या चमच्याच्या बारीक करड्या रेघा दिसतील. घरात कुणालाही विचारलं तर म्हणतील, बशीला चरे पडलेत. पण त्या रेघेवरून नख फिरवा, कुठेही अडकणार नाही. बशीचं काहीच गेलेलं नाही. चमच्याचं स्टील बशीवर जाऊन बसलंय. झिजलाय तो चमचा.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पंप, सील (शाफ्टजवळून पाणी गळू न देणारा भाग) आणि स्लीव्ह (शाफ्टवर बसणारी नळी) यांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली. डिप्लोमा करून शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या वसाहतीत नव्याने लागलेली मुलं शिकायला येतात, तेव्हा मी पहिल्या दिवशी त्यांच्यापुढे बशी आणि चमचा ठेवतो. कारण या विषयातली पहिली चूक तिथेच होते. पांढऱ्या सिरॅमिकवर काळं दिसलं की सिरॅमिक खराब झालं असं समजून ते टाकून देतात, नवं घालतात, आणि दोन महिन्यांनी पंप पुन्हा गळायला लागतो. धातूकडे कुणी बघितलेलंच नसतं.

हा लेख त्या मुलांसाठी आहे. घासणारी जोडी हातात आली की काय बघायचं, काय मोजायचं, झीज कुठली आणि गंज कुठला हे कसं ओळखायचं, आणि शेवटी जोडी कशी निवडायची, हे ज्या क्रमाने मी करतो त्याच क्रमाने लिहितो.

आधी एवढं समजून घ्या

स्टेनलेस स्टीलला गंज लागत नाही असं आपण म्हणतो. खरं तर त्याला गंज लागलेलाच असतो, आणि तोच त्याला वाचवतो. त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. हवा किंवा पाण्यातला ऑक्सिजन लागला की त्या क्रोमियमचा ऑक्साइडचा थर पृष्ठभागावर तयार होतो. या थराची जाडी जेमतेम दोन-तीन नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या वीस-तीस हजाराव्या भागाइतकी. स्टेनलेसचं सगळं आयुष्य या कातडीवर उभं असतं.

आता त्यावर ॲल्युमिनासारखं कठीण सिरॅमिक घासू द्या. ३०४ या नेहमीच्या स्टेनलेसचा कठीणपणा विकर्स मापाने दीडशे-दोनशे, चांगल्या ॲल्युमिनाचा दीड हजाराच्या वर, सिलिकॉन कार्बाइडचा अडीच हजाराच्या आसपास. कातडी लगेच निघते आणि उघडं लोखंड पाण्याला लागतं. ते पुन्हा ऑक्साइड धरतं, पुन्हा खरवडलं जातं. दोन पोलची मोटर मिनिटाला २८८० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला ४८. शाफ्ट एका बाजूला टेकून घासत असेल तर त्याच्यावरच्या प्रत्येक बिंदूला नवी कातडी धरायला सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग मिळतो. पाणी साधं असेल तर तेवढ्यात थोडंफार जमतं. पाण्यात मीठ असेल, म्हणजे क्लोराइड असेल, तर जमत नाही.

जुन्या काळची चकमक आठवा. गारगोटी पोलादावर मारली की ठिणगी पडते. ती ठिणगी दगडाची नसते. गारगोटीने खरवडलेला पोलादाचा कण असतो, आणि उघडा पडल्या पडल्या तो हवेतल्या ऑक्सिजनने पेटलेला असतो. पंपाच्या आत हीच गोष्ट थंडपणे, पाण्याखाली, दिवसरात्र चाललेली असते. म्हणून झिजेचा हिशेब वेगळा आणि गंजाचा वेगळा, असं करून भागत नाही. घासल्यामुळे गंजतं, गंजल्यामुळे जास्त घासलं जातं. दोघं मिळून जे नुकसान करतात ते दोघांच्या वेगवेगळ्या नुकसानाच्या बेरजेपेक्षा जास्त असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा जादा हिस्सा शोधण्यासाठीच आहेत.

पहिली पायरी : पुसू नका

पंप उघडला की हात आपोआप चिंधीकडे जातो. माझाही जायचा. मी नवीन असताना एका साखर कारखान्याचा पंप बाकावर आला होता. शाफ्टवर भरीव ॲल्युमिनाची स्लीव्ह होती आणि ती स्टेनलेसच्या बुशमधून फिरायची. स्लीव्हवर मधोमध काळपट पट्टे होते, अगदी खोल चर पडल्यासारखे. मी रॉकेलची चिंधी उचलली तेवढ्यात आमचे मिस्त्री मागून ओरडले, "अरं पुसू नगंस! आधी बघ तरी काय लिवलंय त्येच्यावर."

त्यांनी बुशच्या तळाशी साचलेला काळा गाळ चमच्याने काढून एका पांढऱ्या कागदावर पसरला. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यावरून फिरवला. गाळाचा बराच भाग उभा राहून पिशवीला चिकटला. मला आश्चर्य वाटलं, कारण बुश ३०४ चा होता आणि ३०४ ला चुंबक जवळपास धरत नाही. याचं कारण मला बऱ्याच नंतर कळलं. ३०४ घासून, रगडून विकृत झालं की त्याची आतली रचना बदलते आणि ते चुंबकाला ओढ देतं. म्हणजे चुंबकाला चिकटणारा तो गाळ रगडल्या गेलेल्या बुशचा होता. पुसला असता तर साक्षीदारच गेला असता.

मग त्यांनी स्लीव्ह काचेच्या भांड्यात पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ठेवली. बारीक बुडबुडे आले. थोड्या वेळाने धुऊन बाहेर काढली तेव्हा पट्टे गायब झाले होते. मायक्रोमीटर लावला, तर पट्ट्याच्या जागेचं माप आणि टोकाचं माप एकच. स्लीव्ह नव्यासारखी होती. बुश मात्र एका बाजूने लंबगोल झाला होता. नवी स्लीव्ह मागवायची चिठ्ठी मी लिहून ठेवली होती, ती फाडली.

ही ॲसिडची चाचणी फक्त भरीव ॲल्युमिनासाठी आहे. धातूवर सिरॅमिकचा फवारा मारून केलेल्या स्लीव्हला ती चालत नाही, कारण त्या थराला सूक्ष्म छिद्रं असतात आणि ॲसिड त्यातून खाली उतरून मूळ धातू खातं. करताना चष्मा आणि रबरी हातमोजे घाला, मोकळ्या हवेत करा, ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, आणि ब्लीचिंगची बाटली त्या बाकाच्या जवळपासही नको.

गाळाचा रंगही लिहून ठेवा. तांबूस असेल तर भरपूर ऑक्सिजनमध्ये झालेला लोखंडी गंज. काळा असेल तर कमी ऑक्सिजनमधला गंज किंवा बारीक धातू. हिरवट असेल तर कुठेतरी गनमेटल किंवा पितळ झिजतंय. पांढरी पूड दिसली की लगेच सिरॅमिक समजू नका. त्यावर लिंबाचा रस पिळा. फेस आला तर तो पाण्याचा क्षार आहे.

दुसरी पायरी : भिंगाखाली खुणा वाचा

दहापट भिंग पुरतं. उजेड समोरून पाडू नका, बाजूने तिरका पाडा. बॅटरी जवळजवळ आडवी धरली की चर आणि खड्डे सावली टाकतात आणि आपोआप दिसतात.

लांब, सरळ, चकचकीत, एकमेकांना समांतर रेघा म्हणजे मध्ये कण शिरलाय. बहुतेक वेळा वाळू. भुदरगड तालुक्याच्या गावाला जिचं नाव आहे ती गारगोटी विकर्स मापाने हजाराच्या वर कठीण असते. स्टेनलेसपेक्षा पाच-सहापट कठीण, ॲल्युमिनापेक्षा मात्र मऊ. म्हणून वाळू मध्ये आली की धातूवर चर पडतात आणि सिरॅमिक तसंच राहतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पंचगंगाकाठचे पंप दुरुस्तीला आले तेव्हा या रेघा डोळ्याला सवयीच्या झाल्या होत्या. गाळ सीलच्या घरात घट्ट बसलेला, आणि तो न काढता मोटर सुरू केलेली.

फाटल्यासारखा, ओढल्यासारखा, चिखलात चाक फिरल्यासारखा पृष्ठभाग दिसला तर धातू चिकटून सोलला गेलाय. तिथे वंगणच नव्हतं, म्हणजे पाण्याचा थर तुटला होता.

खड्ड्यांकडे सगळ्यात जास्त वेळ द्या. खड्डे आहेत का, यापेक्षा ते *कुठे* आहेत हे महत्त्वाचं. घासण्याच्या पट्ट्यात आणि पट्ट्याबाहेर सगळीकडे सारखेच खड्डे असतील तर तो निव्वळ गंज आहे. त्या पाण्याला हा धातू चालत नाही, घासण्याचा त्यात संबंध नाही. खड्डे फक्त ओ-रिंगच्या (रबरी कड्याच्या) खाली, फटीत असतील तर तो फटीतला गंज, कारण तिथे ऑक्सिजन पोचत नाही आणि कातडी धरत नाही. आणि पट्ट्याबाहेरचं स्टील आरशासारखं असून खड्डे नेमके पट्ट्यात आणि त्याच्या कडेला असतील, तर झीज आणि गंज हातात हात घालून काम करताहेत.

या तिसऱ्या प्रकारात एक गोष्ट नव्या माणसाच्या नजरेतून सुटते. ॲल्युमिना वीज वाहून नेत नाही, त्यामुळे दोन धातू जोडल्यावर होतो तसा विजेचा गंज इथे होणार नाही असं वाटतं. पण विजेची ती जोडी त्या एकाच स्टीलच्या तुकड्यात तयार होते. खरवडलेला उघडा पट्टा एक टोक, आणि बाजूचा कातडी असलेला मोठा भाग दुसरं टोक. पट्टा छोटा, बाकीचा भाग मोठा, त्यामुळे सगळा मार त्या चिंचोळ्या पट्ट्यावर पडतो. सिरॅमिकऐवजी कार्बनचा फेस (सीलमधली घासणारी सपाट चकती) असेल तर कार्बन स्वतःही वीज वाहतो, तेव्हा ती जोडी आणखी वाढते.

तिसरी पायरी : सिरॅमिककडे परत या

धातू बघून झाल्यावरच. सिरॅमिक क्वचित झिजतं, पण बिघडतं, आणि त्याच्या बिघाडाच्या खुणा वेगळ्या असतात.

मधल्या भोकापासून बाहेर जाणारी एखादी केसासारखी तड दिसली तर पंप कोरडा चाललाय. ॲल्युमिना उष्णता हळू वाहून नेतं आणि अचानक थंड झालेलं सोसत नाही. सुमारे दोनशे अंशांचा झटका त्याला पुरतो. शेतावरची ही नेहमीची गोष्ट आहे. रात्री लाईट येते, ऑटो स्विच मोटर सुरू करतो, फूट व्हॉल्व्ह गळका असल्याने पाइपात पाणी नसतं, दोन्ही फेस कोरडे घासून तापतात, आणि मग पाणी येऊन आदळतं. सकाळी मालक पंप घेऊन येतो आणि म्हणतो, सील डुप्लिकेट होतं. सील बहुतेक वेळा ठीक असतं. फूट व्हॉल्व्ह बदलायला सांगा, आणि पाण्याविना मोटर बंद करणारा रिले बसवायला सांगा. सिलिकॉन कार्बाइड उष्णता ॲल्युमिनापेक्षा कित्येक पट वेगाने वाहून नेतं, म्हणून कोरडं चालण्याचा धोका असेल तिथे ते जास्त टिकतं, पण पाण्याविना तेही फार वेळ तग धरत नाही.

चकाकी जाऊन पृष्ठभाग खडबडीत, साखर लागल्यासारखा झाला असेल तर सिरॅमिकचे दाणे सुटताहेत. स्वस्त ॲल्युमिनामध्ये दाण्यांच्या मध्ये काचेसारखा पदार्थ असतो. ॲसिड किंवा गरम अल्कली आधी तो खातात आणि दाणे सुटे होतात. ९९ टक्क्यांच्या वरचं ॲल्युमिना त्यासाठीच घ्यायचं. सिलिकॉन कार्बाइडचेही दोन प्रकार येतात. एका प्रकारात दहाएक टक्के मोकळं सिलिकॉन उरलेलं असतं. साखर कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या नळ्या कॉस्टिक सोड्याने उकळून साफ करतात. त्या लाइनवरच्या पंपाला हा प्रकार घातला तर कॉस्टिक ते मोकळं सिलिकॉन विरघळवतं आणि फेस चाळणीसारखा होतो. तिथे मोकळं सिलिकॉन नसलेला, सिंटर केलेला प्रकारच मागा. नाव एकच, किंमत वेगळी, म्हणून दुकानात स्पष्ट विचारून घ्यावं लागतं.

फवारलेल्या थराच्या स्लीव्हवर पापुद्रा सुटलेला दिसला तर थराचा दोष असेलच असं नाही. छिद्रं सीलरने बुजवलेली नसतील तर पाणी खाली जातं, आतला धातू गंजतो, गंजाचं आकारमान वाढतं आणि तोच थराला खालून उचलतो.

चौथी पायरी : मोजा, पण कशाचं काय होतंय ते लक्षात ठेवून

आधी अंतर काढा. ३० मि.मी. सरासरी व्यासाचा फेस २८८० फेऱ्यांवर सेकंदाला साडेचार मीटर घासतो. तासाला सोळा किलोमीटर. म्हणजे चौदा तासांत तो फेस कोल्हापूरहून पुण्याला पोचला, आणि हे सगळं मायक्रॉनभर पाण्याच्या थरावर. हा हिशेब केला की 'एवढ्यात कसं झिजलं' हा प्रश्न बदलतो. एवढं टिकलंच कसं, हे विचारावंसं वाटतं.

मायक्रोमीटरने चार जागी, दोन दिशांनी मापं घ्या. एकाच बाजूची झीज म्हणजे शाफ्ट वाकलाय किंवा बेअरिंग गेलंय. सगळीकडे सारखी झीज म्हणजे जोडीचा किंवा पाण्याचा प्रश्न. वजनही करा, पण भाग सुकवून, आणि दोनदा सारखं वजन येईपर्यंत. फवारलेला थर छिद्रांत पाणी धरतो आणि वजन खोटं दाखवतो. सिरॅमिकचं वजन वाढलं असेल तर घाबरू नका, ते चमच्याचं स्टील आहे.

पाचवी पायरी : झीज आणि गंज वेगळे करणारा बाकावरचा प्रयोग

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर द्या. हा प्रयोग केल्यावर विषय हातात येतो. मोठ्या प्रयोगशाळेत यासाठी ठरलेली उपकरणं असतात आणि धातूचा विद्युतदाब यंत्राने धरून ठेवतात. आपण तेच काम जस्ताच्या तुकड्याने करू.

लागणारं सामान म्हणजे उभी ड्रिल मशीन, ६ मि.मी. चे तीन ॲल्युमिनाचे गोळे, नायलॉनची चकती, ३०४ चा तीन मि.मी. जाड पत्रा, प्लास्टिकचा डबा आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा. चकतीत ३० मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर समान अंतरावर तिन्ही गोळे दाबून बसवा. गोळे तीन असले की स्टुलासारखं ते आपोआप सपाट टेकतात. पत्र्याला एक शेपटी ठेवा, ती पाण्याबाहेर वर येईल अशी वाकवा. पत्रा डब्याच्या तळाशी पक्का करा, डबा वजनकाट्यावर ठेवा. आता ड्रिलच्या हँडलला वजन टांगून काट्यावर तीन किलो जादा दिसेपर्यंत दाब द्या. म्हणजे साधारण ३० न्यूटन. मशीन ३०० फेऱ्यांवर लावा. तासाभरात १.७ किलोमीटर घासणं होतं.

मीठपाणी बनवताना लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राच्या पाण्याइतकं खारं. मशीनला अर्थिंग नसेल तर हा प्रयोग करूच नका. पाणी गोळे बुडतील इतकंच घ्या. फिरत्या चकमध्ये हातमोजे अडकतात, म्हणून इथे हातमोजे नकोत आणि शर्टाच्या बाह्या वर घ्या.

प्रत्येकी एक तासाच्या तीन चाचण्या, तीन सारख्या पत्र्यांवर. पहिली मीठपाण्यात, जशी आहे तशी. दुसरी त्याच मीठपाण्यात, पण पत्र्याच्या शेपटीला वायरने जोडलेला जस्ताचा तुकडा त्या पाण्यात बुडवून. जुन्या सेलचं जस्ताचं डबडं कापून धुऊन घेतलं तरी चालतं. जस्त स्वतः विरघळतं आणि पत्र्याला गंजू देत नाही, म्हणून या चाचणीत जे जाईल ती जवळजवळ निव्वळ झीज. तिसऱ्या चाचणीत पत्रा मीठपाण्यात नुसता पडून, घासणं नाही. तो निव्वळ गंज.

प्रत्येक पत्रा आधी आणि नंतर धुऊन, ॲसिटोनने पुसून, सुकवून तोला. नुकसान मिलिग्रॅममध्ये असतं, स्वयंपाकघरातला काटा इथे उपयोगाचा नाही. गुजरीतल्या एखाद्या ओळखीच्या सराफाकडे हिऱ्याच्या कॅरेटचा काटा असेल तर तो मिलिग्रॅम दाखवतो. नाहीतर एखाद्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत विनंती करा.

समजा, पहिल्या चाचणीत ८ मिलिग्रॅम गेले, दुसरीत ५, आणि तिसरीत काट्याला दिसण्याइतकं काहीच नाही. मग झीज ५, गंज शून्य, बेरीज ५, आणि प्रत्यक्षात गेले ८. वरचे ३ मिलिग्रॅम हाच तो जादा हिस्सा. नुसता पडून असलेला पत्रा अजिबात गंजला नाही आणि नुसती झीज ५ च होती. दोघं एकत्र आले तेव्हा ३ वाढले. तुमचे आकडे वेगळे येतील, आणि तीन-तीनदा केल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका. पण आपल्या हाताने काढलेला हा फरक एकदा बघितला की 'आमच्या टाकीत हे स्टील वर्षभर ठेवलं होतं, काही झालं नाही' या युक्तिवादाने तुम्ही फसत नाही. टाकीत ते घासत नव्हतं.

आकड्याची तुलना दुसऱ्या जोडीशी करायची असेल तर वजनाचं आकारमान करा. ८ मिलिग्रॅम भागिले स्टीलची घनता ७.९, म्हणजे साधारण एक घन मिलिमीटर. त्याला ३० न्यूटन आणि १७०० मीटरने भागा. जॉन आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या झिजेच्या सूत्राचा हा सोपा वापर आहे. झीज दाबाच्या आणि अंतराच्या प्रमाणात वाढते आणि झिजणाऱ्या भागाचा कठीणपणा वाढला की त्या प्रमाणात कमी होते, एवढंच ते सूत्र सांगतं. त्यात पाण्याचा खारेपणा कुठेच नाही, म्हणून जस्ताची चाचणी हवी.

सहावी पायरी : जोडी निवडा

जादा हिस्सा मोठा आला तर नुसता कठीण धातू घेऊन उपयोग नाही. इथे बहुतेक जण चुकतात. ३०४ झिजतंय म्हणून ४४०-सी सारखं कडक केलेलं स्टील घालतात. ते कठीण असतं खरं, पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनने अडकवून ठेवलेलं असतं आणि कातडीसाठी कमी उरतं. खाऱ्या पाण्यात ते लवकर जातं. त्याऐवजी दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असलेलं ३१६, किंवा ड्युप्लेक्स प्रकारचं स्टेनलेस बघा. घासणाऱ्या जागी धातूच नको असेल तर दोन्ही बाजू सिलिकॉन कार्बाइडच्या घ्या. वाळूच्या पाण्याला ती जोडी उत्तम, पण कोरडी चालली तर दोन्ही फेस जातात.

साध्या, स्वच्छ पाण्याच्या घरगुती आणि शेतीच्या पंपाला ॲल्युमिना आणि कार्बनची जोडी पुरते. ती स्वस्त आहे आणि कार्बन स्वतः थोडं वंगण देतो. तिथे जास्त खर्च करायला लावू नका. त्याच पंपातून पुराचा गढूळ गाळ जाणार असेल तर कार्बन दोन दिवसांत खरवडला जातो. उसाच्या रसाचा पीएच पाच-साडेपाच, त्यात चोथ्याचे तंतू आणि शेतातली माती. तिथे धातू आणि सिरॅमिकची जोडी कमीच ठेवावी आणि शक्य असेल तर बाहेरून स्वच्छ पाण्याची फ्लशिंग लाइन द्यावी. मला विचाराल तर महाग सिरॅमिकपेक्षा ही फ्लशिंग लाइन जास्त वेळा उपयोगी पडते.

जाता जाता मशीन शॉपमधल्या मुलांसाठी एक गोष्ट. बीड कापताना सिलिकॉन नायट्राइडची सिरॅमिक इन्सर्ट छान चालते, पण तीच पोलादावर लावली तर लवकर झिजते. कापण्याच्या उष्णतेत लोखंड तिला रासायनिक रीतीने खातं. घासणाऱ्या जोडीत कठीणपणाइतकीच रसायनाची मैत्री बघावी लागते, हे इथेही दिसतं.

सातवी पायरी : बसवणं आणि बंद ठेवणं

सिरॅमिकची सीट (सीलची न फिरणारी चकती) हातोडीने ठोकू नका, लाकडावर कागद ठेवून सरळ दाबा. रबर ईपीडीएमचं असेल तर ग्रीस किंवा ऑइल लावू नका, ते फुगतं. साबणाचं पाणी वापरा. फेसला बोट लावू नका. लॅप केलेला, म्हणजे बारीक घासून सपाट केलेला फेस प्रकाशाच्या दोन-तीन पट्ट्यांइतका, म्हणजे मायक्रॉनच्या आत सपाट असतो. बोटाचा घाम खारट असतो आणि त्यासोबत एखादा बारीक कण आला तर तेवढ्याने गळती सुरू होते. सुरू करण्याआधी पंप पाण्याने भरा, हवा काढा, शाफ्ट हाताने दोन फेरे फिरवा.

गळीत हंगाम संपला की पंप तसाच सोडू नका. आत राहिलेला रस आंबतो, आंबट होतो, आणि घासणं बंद असतानाही ओ-रिंगखालच्या फटीत महिनोन्‌महिने धातू खातो. शिवाय साखर वाळून दोन्ही फेस चिकटवून टाकते. पुढच्या हंगामात मोटर सुरू केली की पहिल्याच फेऱ्यात सिरॅमिकचा टवका उडतो. गरम पाण्याने धुवा, पूर्ण निथळू द्या, आणि पंप उभा असेपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा शाफ्ट हाताने फिरवा.

आणि काढलेली जोडी भंगारात टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत न पुसता ठेवा, आत गाळ पसरलेला कागद घडी करून ठेवा. पिशवीवर लिहा : तारीख, कुठला पंप, कुठलं पाणी, किती तास चालला, धातू कुठला, सिरॅमिक कुठलं. आमच्या मिस्त्रींच्या लोखंडी पेटीत अशा पिशव्या होत्या. त्यांच्यामागे ती पेटी माझ्याकडे आली, आणि त्या पहिल्या बुशची पिशवी अजून तिच्यात आहे.